फ्रेंच नाटकात मोठं काम मिळालंय, उच्चारांची भीती वाटतेय, काय करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातली मुलगी, बेळगावात शिकते, फ्रेंच सुरू करून दीड वर्ष झालं. युनिव्हर्सिटीतली फ्रेंचची मुलं मोलिएर या जुन्या फ्रेंच नाटककाराचं 'ल बुर्झ्वा जांतियोम' मूळ फ्रेंचमधनं बसवतायत आणि हिला निकोलचं, म्हणजे घरातल्या मोलकरणीचं काम मिळालंय. शाळा मराठी, घर मराठी, बाहेर कन्नड. भीती तीन गोष्टींची आहे, उच्चाराला लोक हसतील, पाठांतर स्टेजवर उडून जाईल, आणि तो पानभर हसण्याचा सीन जमणार नाही. शिवाय बाबा म्हणतात की इथं मराठीला जागा मिळेना आणि तू फ्रेंच घेऊन कुठं निघालीस.

मी वीस वर्षांवर फ्रेंच शिकवतेय, मुलांची नाटकं बसवतेय आणि त्याआधी विद्यार्थिनी म्हणून स्वतः मोलिएरमध्ये काम केलंय, त्यामुळे जरा लांबण लागली तरी सगळं सांगते.

आधी माझी चूक सांगते, कारण तू पण त्याच वाटेवर दिसतेस. तू लिहिलंयस की सगळे डायलॉग देवनागरीत उतरवून घेतलेत आणि रोज पन्नास वेळा म्हणतेस. मी पण तेच केलं होतं. दोनशे पानी वहीत सगळं काम देवनागरीत, खाली मराठी अर्थ सुद्धा लिहिला नव्हता, कारण वाटायचं अर्थ तर वर्गात झालाय की. पाठ इतकं पक्कं होतं की झोपेतनं उठवलं तरी म्हटलं असतं. पहिल्या प्रयोगाला समोरच्या मुलानं गडबडीत सातआठ वाक्यं गाळली आणि एकदम पुढच्या प्रश्नावर गेला, आणि मी माझ्या वहीतलं पुढचं वाक्य म्हणून मोकळी झाले. त्यानं विचारलं एक आणि मी उत्तर दिलं भलत्याच प्रश्नाचं. हॉलमधल्या नव्वद टक्के लोकांना फ्रेंच येत नव्हतं त्यामुळे कुणाला कळलं नाही असं तुला वाटेल, पण सगळ्यांना कळलं. शब्द कळले नाहीत, पण दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीयेत हे कळायला भाषा लागत नाही. पुढची दहा मिनिटं हॉल थंड. त्या रात्री हॉस्टेलवर आम्ही दोघं मेसच्या बाकावर बसून तोच सीन मराठीत बोललो, सरळ आपल्या बोलीत, दोन तास. दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगात त्यानं परत दोन वाक्यं गाळली तर मला ती त्याच्या तोंडावर दिसली आणि मी सांभाळून घेतलं.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, वाक्याचा आवाज पाठ करू नकोस, त्या वाक्यानं तुला समोरच्याकडून काय पाहिजे आहे ते पाठ कर. आवाज त्याच्या मागनं येतो.

आणि हे तुला शिकवायला नको खरं तर. बघ, तू खानापूरची बस पकडताना कंडक्टरला काय म्हणतेस, 'खानापूर ओंदु कोड्री'. खडेबाजारात कापड दुकानात मराठीत भाव पाडतेस, रिक्षावाल्याशी हिंदी, कॉलेजच्या ऑफिसात फॉर्म पाहिजे असेल तर कन्नड आणि इंग्लिश मिसळून. यातलं कुठलं वाक्य तू कधी पाठ केलंस? आधी काय पाहिजे ते मनात असतं, समोर कोण आहे ते दिसतं आणि तोंडातनं ती भाषा निघते. आपण सीमाभागातली माणसं दिवसात चार वेळा हे करतो आणि त्याला काही विशेष समजत नाही. नटाला हेच शिकवायला दोन-दोन महिने वर्कशॉप घ्यावे लागतात. फ्रेंच ही पाचवी भाषा समज, फक्त हिच्यात बोलायला एकच माणूस आहे आणि तो स्टेजवर आहे.

आता करायचं काय. तुझे सगळे सीन आधी तुझ्या मराठीत कर, पुस्तकातल्या मराठीत नाही, घरातल्या. निकोल मालकाला म्हणते, 'बाते म्वा प्ल्युतो ए म लेसे रीर', त्याचं डिक्शनरी भाषांतर करत बसू नकोस, 'मालक, पायजे तर मारा वो, पण एकदा पोटभर हसू द्या, त्यानंच बरं वाटंल मला' असं म्हण. दोघंतिघं मिळून पूर्ण सीन असा बोला, हालचालींसकट, तीन-चार दिवस. मग एक वाक्य फ्रेंच, एक मराठी. मग सगळं फ्रेंच. अडलं की थांबायचं नाही, तेवढं वाक्य मराठीत टाकायचं आणि पुढं जायचं. मी माझ्या मुलांना पहिले दहा दिवस असंच करायला लावते आणि खरं सांगते, पाठांतर वेगळं करावंच लागत नाही, तिसऱ्या आठवड्यात स्क्रिप्ट हातातनं सुटते.

देवनागरीत लिहायचं का नाही यावर शिकवणाऱ्यांत दोन पक्ष आहेत. काही जण म्हणतात अजिबात नाही. मी म्हणते अडलेल्या जागा तेवढ्या लिही, पूर्ण वाक्य लिहू नकोस. कारण एकदा तू 'मस्यू', म्हणजे 'साहेब', असं लिहिलंस की डोळा 'मस्यू' वाचतो आणि कान बंद होतो.

उच्चारांचं आता जरा सविस्तर, कारण इथं तुला वाटतंय तेवढं अवघड नाही आणि तुझ्याच नाटकात त्याची शिकवणी दिलेली आहे. दुसऱ्या अंकात तत्त्वज्ञानाचा मास्तर मस्यू झुर्दँला, म्हणजे निकोलच्या मालकाला, स्वर शिकवतो तो सीन आठव. आ म्हणजे तोंड मोठं उघडायचं, ए ला खालचा जबडा वरच्याच्या जवळ आणायचा, ई ला ओठांचे कोपरे कानाकडं ताणायचे, ओ ला जबडा परत उघडून ओठांचे कोपरे जवळ आणायचे. लोक याच्यावर हसतात, मोलिएरनं हसवायलाच लिहिलंय, पण त्यातली माहिती खरी आहे. आरसा घे आणि मास्तर सांगतो तसं कर, तुझं काम त्या सीनमध्ये नसलं तरी.

सगळ्यात नडतो तो त्यातला शेवटचा, 'u' अक्षरानं लिहितात तो स्वर, पुढं मी 'यु' लिहिते तो हाच. हा मराठीत नाही, कन्नडमध्ये नाही. मुलं एक तर 'यू' म्हणतात नाही तर 'ऊ'. सोपी युक्ती आहे, लांब 'ई' म्हण, जीभ आहे तिथंच ठेव, हलवू नकोस, आणि नुसते ओठ 'ऊ' ला करतो तसे पुढं काढ. जो विचित्र आवाज येईल तोच तो. मास्तर पण तेच सांगतो, दात जवळ आण, ओठ बाहेर काढ, कुणाला वेडावून दाखवतो तसं. आणि हा स्वर तुला चुकवता येणार नाही, कारण तिसऱ्या अंकात झुर्दँ नवीन शिकलेलं तुझ्यावरच झाडतो, म्हण बघू यु, आणि निकोल म्हणते, 'घ्या, यु'. काय केलंस तू? 'यु म्हटलं की'. तिनं तो आयुष्यभर न शिकता म्हटलाय, म्हणून तुझा एकदम सहज आला पाहिजे. तेवढा एक घोटून घोटून कर.

बाकी आपल्या बाजूचं बरंच आहे. फ्रेंच त आणि द हे आपल्या त-द सारखे दाताला लागून येतात, इंग्लिशच्या सवयीनं मुलं ट-ड करतात तिथं फक्त इंग्लिश विसरायचं. प-त-क मध्ये हवा सोडायची नाही, आपण सोडतच नाही. शेवटची अक्षरं खातात म्हणून घाबरतात मुलं, अगं आपण 'घर' लिहितो आणि 'घर्' म्हणतो, मग. तुझ्या ग्रुपमध्ये कन्नड शाळेतनं आलेली मुलं असतील त्यांना मात्र शब्दाच्या शेवटी बारीकसा उकार लागायची सवय असते, 'बस्सु', 'बुक्कु' असा, त्यांना सांगा की शेवट कापायचा, त्यांचा बाकी कान आपल्यापेक्षा तयार असतो बऱ्याचदा. नाकातले स्वर, म्हणजे ऑं, अँ वगैरे, ते जुन्या मराठी पुस्तकात 'केलें', 'गेलें' वर जो अनुस्वार असायचा ना, कोकणाकडची माणसं तो अजून बोलतात, तसे. शेवटी न किंवा म चिकटवायचा नाही एवढंच. लोंढ्याकडं, गोव्याच्या वाटेला कुणी कोकणी बोलणारी मैत्रीण असेल तर तिच्याजवळ बस, तिला हे आपोआप येतं.

आता 'र'. तू लिहिलंयस की घशातला र काढून काढून घसा बसला. सोड तो. तुझ्याच नाटकात मास्तर र कसा काढायचा सांगतो ते नीट वाच, जिभेचं टोक टाळूला वर न्यायचं, आतनं जोरात येणाऱ्या हवेनं ते हलतं, परत जागेवर येतं आणि थरथर होते. हा आपलाच र आहे गं, रामातला, रस्त्यातला. मोलिएरच्या काळात हाच र चालायचा, घशातला नंतर पसरला. आजचं फ्रेंच बोलताना घशातलाच वापरावा हे खरं आणि परीक्षेत तोच लागेल, पण 1670 चं नाटक करताना मराठी मुलीचा र थरथरला तर तो मोलिएरच्या नियमातच बसतो. दिग्दर्शकाला ती ओळ दाखव आणि सगळ्या ग्रुपचं एकदा ठरवून घ्या, कुणी घशातला कुणी जिभेचा असं नको.

यूट्यूबवर फ्रेंच नटांचं ऐक, पण तुझा सीन मराठीत उभा राहिल्यावर ऐक. आधी ऐकलंस तर त्यांची चाल कानात बसते आणि मग तू त्यांची नक्कल करत बसतेस, ते काढायला फार त्रास होतो.

हसण्याच्या सीनवर येते. निकोलचं काम पहिल्यांदा केलं ती मोलिएरच्या कंपनीतली बोव्हाल नावाची नटी, नुकतीच कंपनीत आली होती आणि तिचं हसू प्रसिद्ध होतं. म्हणजे तो सीन एका खऱ्या बाईच्या खऱ्या हसण्यावर बेतलाय, म्हणून कागदावर नुसतं 'ही, ही, ही, ही' दिसतं. ते तसं वाचायचं नसतं. हसणं करायला जाऊ नकोस, हसू दाबायला जा. भजनाला बसल्यावर नाही तर कुणाच्या घरी सांत्वनाला गेल्यावर मैत्रिणीकडं बघून आतनं उसळी येते आणि आपण ओठ चावतो, खाली बघतो, पदर तोंडाला लावतो, तसं. मालक आहे समोर, नोकरी आहे, हसायचं नाहीये, आणि त्यानं कोट घातलाय त्यावरची फुलं उलटी शिवलीत, कारण शिंप्यानं सांगितलं की मोठी माणसं अशीच घालतात. पहिल्या वेळी नुसतं नाकातनं हवा सुटू दे. दुसऱ्या वेळी खांदे. आवाज तिसऱ्या वेळी. हसताना श्वास बाहेर जातो आणि आत घ्यायला मुलं विसरतात, मग चक्कर येते, तर प्रत्येक लाटेनंतर वाकून, पोटाला हात लावून श्वास घ्यायची जागा ठरवून ठेव. तालमीत रोज पूर्ण जोरानं हसू नकोस, घसा जाईल, दिवसात एकदा पूर्ण बस झालं.

आणि याच्याहून महत्त्वाची जागा पुढं आहे, ती बहुतेक जणी नुसती बोलून जातात. झुर्दँ म्हणतो घर झाड, पाहुणे येणार आहेत. आणि निकोलचं हसू तिथं संपतं. तिला राग, मार, धमकी कशानं हसू थांबलं नाही, ते पाहुणे येणार म्हटल्यावर थांबलं. का ते तुला कुणी सांगायला पाहिजे का? पुढं ती सांगतेच की हे तुमचे मास्तर लोक गावभरचा चिखल पायाला लावून आणतात आणि फरशी पुसून पुसून दुसरी मोलकरीण मेटाकुटीला आलीय. अगं तू खानापूरची, जून-जुलैचा तांबडा चिखल तुला माहीत आहे, सारवलेल्या नाही तर पुसलेल्या सोप्यात कुणी चपलांसकट आलं की घरातल्या बाईच्या तोंडावर काय येतं ते माहीत आहे. पॅरिसच्या मुलीपेक्षा तुला ही जागा जास्त कळते. तिथं हसू एकदम बंद कर, ब्रेक लावल्यासारखं, आणि एक क्षण जमिनीकडं बघ, जी तुला पुसायची आहे. वाक्य त्यानंतर. आमच्या एका प्रयोगात एका मुलीनं हे केलं आणि पुढच्या रांगेतल्या बायका हसल्या, त्यांना फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता.

विसरल्यावर काय. विसरशील, सगळे विसरतात. परक्या भाषेत विंगेतनं प्रॉम्प्टिंगचा फार उपयोग होत नाही, कारण अर्धा शब्द ऐकून आपल्याला तो ओळखू येत नाही, प्रॉम्प्टरला सांगून ठेव की वाक्याचे पहिले तीन शब्द तरी दे. आणि दोनतीन छोटी वाक्यं सुटकेसाठी खिशात ठेव. तुझ्या कामातच आहे एक, 'प्लेतिल', म्हणजे 'काय जी?' मालकानं हाक मारली की ती असं म्हणते. अडलीस की झुर्दँकडं बघून 'प्लेतिल' म्हण, तो आपलं वाक्य परत म्हणेल, तुला तेवढा वेळ मिळतो. हे आधी त्या मुलाशी ठरवून तालमीत दोनदा मुद्दाम करून बघा, नाही तर तो तुझ्याकडं बघत उभा राहील.

कपडे, चपला आधी दोन आठवडे घालून वावर, लांब घागऱ्यात वाकायला-पळायला वेगळंच होतं, आणि तिसऱ्या अंकात तलवारीचा छोटा खेळ आहे, तू मालकाला पटापट भोसकतेस आणि तो म्हणतो नियमानं मार, तो सीन मोजून बसवा, डोळ्याला लागू शकतं. पहिली पाच मिनिटं सगळेच फास्ट बोलतात, तू मुद्दाम सावकाश बोल.

बघणाऱ्यांसाठी प्रत्येक अंकाआधी दोन मिनिटं कुणी तरी मराठीत आणि कन्नडमध्ये गोष्ट सांगा. संपूर्ण सांगू नका, कोण कुणाला काय बनवतंय तेवढं. गोष्ट आपल्याला जवळची आहे, झुर्दँ कापडाच्या व्यापाऱ्याचा पोरगा, पैसा झाला आणि आता बाप दुकानदार होता हे कबूल करायचं नाही. एक भामटा येऊन सांगतो की तुमचे वडील व्यापारी नव्हतेच, त्यांना कापडातलं कळायचं, ते चांगलं कापड निवडून आणायचे आणि मित्रांना द्यायचे, पैसे घेऊन. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या माणसाला, जिथं घरोघरी माग होते, हे भाषांतर न करता कळेल.

बाबांचं आता. त्यांचं म्हणणं मनाला लावून घेऊ नकोस आणि टाकून पण देऊ नकोस. 1956 ला बेळगाव त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेलं तेव्हापासून इथल्या मराठी घरात हा प्रश्न आहे, त्यांना भाषेची काळजी आहे आणि ती खरी आहे. त्यांना एवढं सांग की 1842 ला उत्तर कन्नडातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीला आली, त्यांचे खेळ बघून विष्णुदास भावेंनी 1843 ला सीतास्वयंवर केलं आणि तिथनं मराठी नाटक सुरू झालं असं आपण मानतो. परक्या भाषेतला खेळ बघूनच. आणि संगीत शाकुंतल करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, भोवती सगळी कन्नड, त्यांनी संस्कृत नाटक मराठीत उभं केलं. आणखी एक सांग, तुमच्या नाटकातल्या मादाम झुर्दँचं काम 1670 ला पहिल्यांदा एका पुरुष नटानं केलं होतं, बालगंधर्वांच्या आठवणी निघणाऱ्या घरात हे ऐकून बाबा खुर्ची पुढं ओढतील. माझ्या वडिलांनी ओढली होती.

वाद घालू नकोस, प्रयोगाला घेऊन जा. पहिल्या तीन रांगांत बसव.

आणि या रविवारी घरी गेलीस की तो हसण्याचा सीन मराठीत आईला करून दाखव, तिलाच मालक कर, ओट्याजवळ उभी राहूनच. तिचं वाक्य तिला एकदा सांग, 'घर आवर, पाहुणे येणार आहेत', आणि ते म्हणताना तिचा स्वतःचा चेहरा कसा होतो ते नीट बघून घे.